खाड्याचा हिशेब : स्त्रियांचे आरोग्य, संगोपनाचे श्रम आणि नोकरीतील समानता

स्त्रियांचे आरोग्य, घरातील संगोपन व शुश्रूषेचे श्रम आणि नोकरी-व्यवसायातील समान वागणूक हे तीन विषय महाराष्ट्रात तीन वेगळ्या फायलींत राहत आले आहेत. पहिला आरोग्य विभागाकडे जातो, तिसरा कामगार विभागाकडे, आणि दुसऱ्याचा काही भाग महिला व बालविकास विभागाकडे, तर उरलेला कोणाकडेच नाही. कारभाराच्या सोयीसाठी अशी विभागणी करावी लागते हे मान्य केले, तरी तिच्यामुळे तिन्ही विषयांच्या मुळाशी असलेला एक साधा प्रश्न कोणत्याच फायलीत नीट विचारला जात नाही. पाळीच्या वेदना, गर्भारपण, बाळंतपण, तापाने फणफणलेले मूल किंवा अंथरुणाला खिळलेली सासू यांपैकी कोणत्याही कारणाने स्त्री ज्या दिवशी कामावर येऊ शकत नाही, त्या दिवसाचा खर्च कोणी सोसायचा, हा तो प्रश्न होय. रोजंदारीच्या व्यवहारात न भरलेल्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात. पगार, बढती आणि रजा यांच्या सभ्य भाषेआड हाच हिशेब चालू असतो, आणि स्त्रियांच्या व्यावसायिक समानतेची खरी कसोटी त्या कामावर असलेल्या दिवशी लागत नसून नसलेल्या दिवशी लागते, हे प्रस्तुत विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनाची सुरुवात नेरूळपासून करण्याला कारण आहे. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडको या शासकीय महामंडळाने ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबईची आखणी केली, आणि शिरवणे, सारसोळे, दारावे, करावे या आगरी-कोळी गावांच्या अवतीभवती नेरूळचे सेक्टर उभे राहिले. भूसंपादनाचा मोबदला सातबाऱ्यावर ज्याचे नाव होते त्याला मिळाला. भातलावणीत आणि मासळीच्या पाटीखाली राबलेल्या हातांसाठी त्या हिशेबात वेगळा रकाना नव्हता. १९९३ मध्ये हार्बर मार्गाची लोकल वाशीच्या पुढे आली, मुंबईची कार्यालये रोजच्या येण्याजाण्याच्या टप्प्यात आली, आणि बँका, मंत्रालय, महाविद्यालये, रुग्णालये येथे नोकरी करणाऱ्या स्त्रियांची एक मोठी पिढी या उपनगरात स्थिरावली. शेजारच्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांत पॅकिंगला जाणाऱ्या, इस्पितळांत पाळ्या करणाऱ्या, इमारतींतून धुणीभांडी करणाऱ्या आणि गावठाणाच्या नाक्यावर मासळी विकणाऱ्या अशा सर्व थरांतील श्रमिक स्त्रिया येथे चालत जाण्याच्या अंतरावर राहतात. नेरूळ तसे नमुनेदार उपनगर नव्हे, पण एवढ्या प्रकारच्या कामांचे हिशेब एवढ्याशा जागेत क्वचितच सापडतात.

त्याच नेरूळमध्ये, डॉ. डी. वाय. पाटील क्रीडासंकुलाच्या मैदानावर, २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय सामन्यांचा विश्वचषक प्रथमच जिंकला. या विजयाचे भावनिक वर्णन भरपूर झाले आहे. येथे त्याचा आर्थिक तपशील अधिक महत्त्वाचा आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २७ ऑक्टोबर २०२२ रोजी पुरुष व महिला खेळाडूंसाठी समान सामना-मानधन जाहीर केले होते : कसोटीसाठी १५ लाख, एकदिवसीय सामन्यासाठी ६ लाख आणि टी-ट्वेंटीसाठी ३ लाख रुपये. १९७३ मध्ये पुण्यात झालेल्या आंतरराज्य स्पर्धेत केवळ तीन संघ होते, पुढची कित्येक वर्षे महिला क्रिकेटपटूंचा खरा आधार रेल्वेची नोकरी हाच राहिला, आणि महिला क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखाली २००६ मध्ये आले. हा इतिहास लक्षात घेतला, तर समान मानधनाचा निर्णय लहान म्हणता येत नाही.

तथापि सामना-मानधन हे मैदानावर उतरलेल्या दिवसाचे दाम आहे. उरलेल्या दिवसांचे, म्हणजे सराव, दुखापत, विश्रांती आणि पुन्हा उभे राहणे यांचे दाम वार्षिक करारातून मिळते. विश्वचषकाच्या वर्षी जाहीर झालेल्या करारांत पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीला ७ कोटी रुपये होते, तर महिलांच्या सर्वोच्च श्रेणीला ५० लाख. पुरुषांच्या सामन्यांतून येणारे उत्पन्न कितीतरी मोठे आहे, हे या तफावतीचे नेहमीचे समर्थन आहे आणि ते खोटेही नाही. पण मग तेच समर्थन सामना-मानधनाला का लागू झाले नाही, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. खेळलेल्या दिवसाला समता लागू झाली, न खेळलेल्या दिवसाला झाली नाही, एवढेच त्यातून दिसते. उपांत्य सामन्यात, ३० ऑक्टोबरला याच मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून ३३९ धावांचे लक्ष्य गाठून देणाऱ्या मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्सने सामन्यानंतर स्पर्धेच्या काळातील आपल्या मानसिक अस्वस्थतेविषयी उघडपणे सांगितले. खेळाडूच्या आरोग्याचा मोठा भाग प्रेक्षकांना न दिसणाऱ्या दिवसांत घडतो किंवा बिघडतो, ही गोष्ट त्या निवेदनाने ठळक झाली. मातृत्वाच्या बाबतीत तर शेजारच्या देशाचे उदाहरण नोंदवण्यासारखे आहे. पाकिस्तान क्रिकेट मंडळाने २०२१ मध्ये प्रसूत होणाऱ्या खेळाडूला बारा महिन्यांची पगारी रजा आणि कराराच्या नूतनीकरणाची हमी देणारे धोरण आणले, आणि त्याच्या आधारे कर्णधार बिस्माह मारूफ २०२२ च्या विश्वचषकात तान्ह्या मुलीसह उतरली.

क्रिकेटच्या मैदानावर खाड्याचा हिशेब करारात झाकलेला असतो. उसाच्या फडात तो उघडा असतो. बीड आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून लाखो मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादम त्यांना आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात; आणि उचल ज्या घटकाला मिळते तो माणूस नसून जोडपे असते, ज्याला ‘कोयता’ असे नाव आहे. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, आणि दोघांपैकी एकाने दिवस बुडवला तर कोयत्याच्या नावे खाडा पडून पाचशे रुपयांच्या आसपास दंड उचलीच्या हिशेबात चढतो. पालावर पाणी नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत विसावा नाही, आणि अंगावरून जाणे किंवा ओटीपोटात दुखणे अशी तक्रार घेऊन खासगी दवाखान्यात गेल्यावर ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला तयार. २०१९ मध्ये हा प्रश्न विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. हे प्रमाण सहा जणींमागे एक असे पडते. प्रजननक्षम वयातील स्त्रियांमधील राष्ट्रीय सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास आहे. अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी घेण्याची अट बीडमध्ये घातली गेली, आणि ती आवश्यकही होती. पण डॉक्टरांवर निर्बंध घातल्याने खाड्याचा दंड रद्द होत नाही. ज्या व्यवहारात पाळीच्या दोन दिवसांची किंमत स्त्रीला रोख मोजावी लागते, तेथे अवयव काढून टाकणे हा तिला परवडणारा पर्याय वाटू लागतो, आणि या निवडीला वैद्यकीय निर्णय म्हणणे ही केवळ कागदोपत्री सोय आहे.

दुखणे अंगावर काढण्याची ही सवय फडापुरती नाही. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले, आणि पूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तोवर ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार बाळंतपण आणि कुटुंबनियोजन या दोन कुंपणांच्या आतच होत असे. या दोन गावांनी ते कुंपण मोडले आणि जगभरच्या आरोग्यधोरणाला दखल घ्यायला लावली. त्याही आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू करून स्त्रीचे शरीर हा तिच्या स्वतःच्या निर्णयाचा विषय आहे असे मांडले होते, आणि त्या मांडणीची किंमत त्यांनी प्राध्यापकी गमावून दिली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय, म्हणजे हिमोग्लोबिनची कमतरता, नोंदली गेली. अर्ध्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या असताना त्यांची कार्यालयीन कामगिरी, चपळाई आणि ‘कमिटमेंट’ यांची मापे काढली जातात, हे मनुष्यबळ विभागांच्या वार्षिक मूल्यमापनात कुठेही दिसत नाही.

कायद्याच्या इतिहासात हा प्रश्न मुंबईने फार लवकर हाताळला. गिरणीकामगार स्त्रियांना प्रसूतिलाभ, म्हणजे बाळंतपणाच्या काळात मजुरीची भरपाई, देणारे विधेयक मुंबई कायदेमंडळात चर्चेला आले तेव्हा जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. त्यांच्या मांडणीतील एक मुद्दा आजही पुरेसा ऐकला गेलेला नाही. असा भार मुख्यतः शासनाने उचलायला हवा, कारण लोकांचे कल्याण राखणे ही त्याची जबाबदारी आहे. मात्र स्त्रीच्या श्रमातून मालकाचाही फायदा होतो, म्हणून त्यानेही वाटा द्यावा, असे त्यांनी सांगितले. १९२९ चा मुंबई प्रसूतिलाभ कायदा हा देशातील अशा प्रकारचा पहिला कायदा ठरला, पण त्यात खर्च मालकाच्या माथी आला. पुढच्या दशकांत मुंबईच्या कापडगिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. रात्रपाळीवरील बंदी आणि यंत्रांतील बदल ही त्याची कारणे होतीच, आणि प्रसूतिलाभाचा खर्च टाळण्याची मालकांची वृत्ती हेही एक कारण इतिहासकारांनी नोंदवले आहे.

त्यानंतरचे खटले पाहिले, तर गैरहजेरीची भीती किती वेषांत वावरते ते दिसते. मुंबईतील एका औषधकंपनीत पॅकिंग आणि लेबलिंगच्या खात्यातील अविवाहित स्त्रीने लग्न केल्यास तिची नोकरी संपुष्टात येत असे. हे काम गटाने करायचे असते, त्यासाठी नियमित हजेरी लागते आणि विवाहित स्त्रियांचे खाडे जास्त असतात, असा कंपनीचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये तो फेटाळला : याच खात्यात विधवांना नोकरी चालते, त्यांनाही मुले असू शकतात, बाळंतपणाच्या रजेचा प्रश्न असेल तर त्यासाठी काही जादा माणसे राखून ठेवता येतात. एअर इंडियाच्या हवाईसुंदरींना पहिल्या गर्भधारणेबरोबर निवृत्त करणारा नियम १९८१ मध्ये नर्गेश मीर्झा खटल्यात रद्द झाला. मात्र नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करण्यावरील बंदी त्याच निकालाने कायम ठेवली, हे सहसा सांगितले जात नाही. १९८७ मध्ये ऑड्रे डिकॉस्टा या मुंबईतील स्टेनोग्राफरच्या खटल्यात समान वेतन कायद्याचा (१९७६) आधार घेऊन पुरुष स्टेनोग्राफरांइतकेच वेतन देण्याचा आदेश झाला, आणि कंपनीला परवडत नाही ही सबब चालली नाही. या तिन्ही निकालांत स्त्रीचा नोकरीतील हक्क कमीअधिक प्रमाणात मान्य झाला. न केलेल्या कामाच्या दिवसांचा प्रश्न त्यांपैकी फक्त पहिल्याने सरळ हाताळला, आणि तोही जाता जाता.

आजच्या व्यवस्थेची गोम येथेच आहे. १९६१ च्या प्रसूतिलाभ अधिनियमात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत याच तरतुदी आल्या आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेली कामगार स्त्री कर्मचारी राज्य विमा योजनेत येते, म्हणजे तिच्या प्रसूतिकाळातील वेतन एका सामायिक निधीतून दिले जाते, ज्यात मालक सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का भरतो, मग तो कामगार स्त्री असो वा पुरुष. तिच्यापेक्षा थोडा अधिक पगार असलेल्या, नेरूळहून रोज लोकलने जाणाऱ्या लेखापाल स्त्रीच्या सहा महिन्यांच्या पगाराचा संपूर्ण भार मात्र तिच्या एकट्या मालकावर पडतो. म्हणजे पुरुष नेमणाऱ्या मालकाला शून्य खर्च आणि तरुण स्त्री नेमणाऱ्याला सहा महिन्यांचा पगार, अशी उफराटी शिक्षा कायद्यानेच ठेवली आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या मातृत्वसंरक्षणविषयक १८३ व्या करारात हा खर्च सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून भागवावा, असे तत्त्व आहे. डॉ. आंबेडकरांच्या मांडणीशी ते बरेच जुळते. मुलाखतीत ‘लग्नाचा विचार काय?’ असे विचारणाऱ्या अधिकाऱ्याला सनातनी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. त्याच्या प्रश्नामागे एक आकडा आहे, आणि तो आकडा निधीकडे वळवल्याशिवाय प्रश्न थांबणार नाही.

रजा संपल्यानंतरचा भाग कायद्याच्या नजरेबाहेर जातो. नेरूळच्या बहुतेक नोकरदार घरांत मूल तीन प्रकारे सांभाळले जाते : आजी-आजोबा गावाहून येऊन राहतात, किंवा जवळच्या सोसायटीत एखादी गृहिणी आपल्या बाहेरच्या खोलीत पाळणाघर चालवते, किंवा पूर्ण वेळाची बाई ठेवली जाते. वृद्धांच्या बाबतीत शुश्रूषेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत येणारी बारा तासांची बाई हा आता रुळलेला उपाय आहे. या सर्व व्यवस्थांत नोकरी करणाऱ्या स्त्रीचे श्रम दुसऱ्या स्त्रीकडे सरकतात, आणि पुरुषाच्या वाट्याला आलेला भाग मोजला तर तो फारसा वाढलेला दिसत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीत, म्हणजे माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची नोंद करणाऱ्या पाहणीत, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातील सरासरी वेळ २८९ मिनिटे आणि अशा पुरुषांचा ८८ मिनिटे आढळला. १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांच्या संगोपन-शुश्रूषेत सहभागी होत्या. पुरुष २१ टक्के.

या श्रमांना किंमत लावण्याचे काम आजवर प्रामुख्याने एकाच ठिकाणी झाले आहे, ते म्हणजे अपघाताच्या भरपाईच्या दाव्यांत. गृहिणीचा अपघाती मृत्यू झाला की तिच्या कुटुंबाला भरपाई देण्यासाठी तिचे मानीव उत्पन्न ठरवावे लागते. लता वाधवा खटल्यात (२००१) ते महिना ३,००० रुपये धरले गेले. अरुणकुमार अगरवाल खटल्यात (२०१०) न्यायालयाने जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्यासह बिगरकामकऱ्यांत टाकण्यावर कडक टीका केली. ५ जानेवारी २०२१ च्या कीर्ती खटल्यातील निकालपत्रात २०११ च्या जनगणनेचा हवाला देऊन सुमारे १६ कोटी स्त्रियांनी घरकाम हाच आपला मुख्य व्यवसाय सांगितला, तर तसे सांगणारे पुरुष ५८ लाखांच्या आसपास होते, हे नोंदवले गेले. निकाल उदार आहेत, पण त्यांत हिशेब उघडतो तो बाई गेल्यावर.

संगोपनाचे जे श्रम घराबाहेर पडून सार्वजनिक सेवा झाले, त्यांची कथा वेगळी नाही. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी सामान्य घरांतील मुली व विधवांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा शुश्रूषा हा पगारी पेशा बनण्याची वाट खुली झाली. शंभराहून अधिक वर्षांनंतर अंगणवाडी सेविका आणि ‘आशा’ आरोग्य कार्यकर्त्या यांना मात्र ‘मानधन’ मिळते, वेतन नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनिसांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, लागू असल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला. नवी मुंबई महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रातून घरोघर लसीकरणाच्या याद्या घेऊन फिरणारी आशा मात्र शासनाच्या लेखी अजून स्वयंसेविकाच आहे. मोलकरणींनी १९८० मध्ये पुण्यात संप केला, त्यातून संघटना उभी राहिली, २००८ मध्ये महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पगारी सुट्टी किती द्यायची, हे आजही मोलकरीण आणि घरमालकीण यांच्यात, बहुधा दारात उभ्या राहून, ठरते. त्या संभाषणात खाडा हा शब्द उच्चारण्याचा अधिकार ज्या नोकरदार स्त्रीकडे असतो, तीच दुपारी आपल्या कार्यालयात मुलाच्या तापासाठी अर्ध्या दिवसाची रजा मागत असते. स्त्रीमुक्तीच्या चर्चांत हा प्रसंग अडचणीचा म्हणून टाळला जातो. प्रस्तुत विवेचनाला तो टाळून पुढे जाता येत नाही.

या मांडणीच्या मर्यादा सांगणे आवश्यक आहे. कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ, विशाखा निर्णय (१९९७) आणि त्यानंतरचा २०१३ चा कायदा हा स्वतंत्र आणि मोठा विषय असल्याने येथे त्याचा केवळ संदर्भापुरता उल्लेख येईल. पाळीच्या रजेचा प्रश्नही थोडक्यातच हाताळला आहे : बिहारमध्ये १९९२ पासून सरकारी नोकरदार स्त्रियांना महिन्याला दोन दिवस अशी रजा आहे, कर्नाटकाने २०२५ मध्ये महिन्याला एक दिवस दिला, परंतु नेमणुकांवर तिचा परिणाम काय झाला याविषयी ठाम विधान करावे इतका पुरावा हाताशी नाही. शासनाच्या रोख अनुदानाच्या योजना, २०२४ मध्ये सुरू झालेल्या दीड हजार रुपयांच्या ‘लाडकी बहीण’सह, संगोपनाच्या श्रमांचे दाम मानता येत नाहीत, कारण त्या रकमेचा कामाशी संबंध नाही, उत्पन्नमर्यादेशी आहे. विवेचनाचा क्रमही रूढ क्रमाहून वेगळा ठेवला आहे. सहसा समान वेतनापासून आरंभ करून रजांपर्यंत येण्याची पद्धत आहे. येथे आरंभ रजेपासून, त्यातही रजा नसलेल्या ऊसतोड मजूर, मोलकरीण आणि ब्यूरोच्या बाईपासून केला आहे, आणि वेतनाची चर्चा त्यानंतर येते.